कोणता दोरा कोणत्या पॅडला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पॅडं धुणं. रविवार होता, चारेक वाजले असतील. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली इंदू पाटावर बसली होती आणि मी पालथ्या बादलीवर, कारण माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. मध्ये दोन टब. एकात रिठ्याचं कोमट पाणी, दुसऱ्यात साधं. गाडीला पॉलिश करायची अकरा पॅडं होती. ती एकेक पॅड दोन तळव्यांत धरून दाबायची आणि मी वरून पाणी ओतायचो. पॅड धुण्याच्या कामात एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे एवढंच खातं दिलं होतं, पाणी ओतण्याचं. तेही मला जमत नाही असं तिचं मत.

"हळू वता ना. म्हैसले आंघोय घाली ऱ्हायनात का?"

"म्हैस बरी. ती उलटून बोलत नाही."

"मंग म्हैससंगेच लगीन करानं व्हतं."

ती चोपड्याकडची. घरात अहिराणीच बोलायची. मी धुळ्याचा, मलाही येते, पण जळगावच्या दुकानात गिऱ्हाइकांशी शहरातलं बोलून बोलून माझी भाषा अर्धी इकडची अर्धी तिकडची झाली. भांडण मात्र तिच्याच भाषेत चांगलं रंगायचं.

ही सगळी धुलाई मंगळवारसाठी चालली होती. मंगळवारी सावद्याच्या प्रल्हादभाऊंची काळी गाडी यायची होती. प्रल्हादभाऊ केळीचे व्यापारी, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे आधी पांढरी गाडी होती. केळीचा चीक वाळला की काळा डाग पडतो आणि तो सहसा निघत नाही. हा माणूस दिवसभर बागेत फिरणार आणि त्याच हाताने गाडीचं दार लोटणार. त्यांच्या त्या गाडीला सावद्यात लोक बिबट्या म्हणायचे. शेवटी वैतागून त्यांनी काळी गाडी घेतली, म्हणाले, आता चीक दिसणार नाही. चीक दिसत नाही हे खरं. पण काळ्या गाडीवर चीक सोडून बाकी सगळं दिसतं. दोन महिन्यांत फडकी मारून मारून तिच्यावर बारीक ओरखड्यांचं असं जाळं उठलं की विचारू नका. तेव्हा इंदूने त्यांना दुकानाच्या दारात उभं राहून शब्द दिला होता, "भाऊ, आणा गाडी. आख्ख्या गावना समोर उन्हात उभी करा. एक जाळं दिसनं तर मन्हं नाव बदली टाका."

सोमवारी दुपारी ती चहाचं आधण ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. यावर मी जास्त लिहिणार नाही. मला तसं लिहिता येत नाही, आणि रडक्या माणसाला ती चहाही देत नसे.

दिवाळी अंकवाले भाऊ म्हणाले, नाना, धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलोय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघायचं. ते लगेच हो म्हणाले. त्यांची गाडी मीच चमकवतो, नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. तर अनुभव लिहायचा तो हाच. शब्द इंदूने दिलेला, हात माझा, आणि इंदू नाही. गाडी तर येणारच होती. आता ती तिच्या शब्दाप्रमाणे निघते की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्यासाठी आधी तुम्हाला पॅड म्हणजे काय ते कळलं पाहिजे.

लोकांना वाटतं गाडी औषधाने चमकते. बाटलीतलं ते पांढरं दाट पॉलिश असतं त्याला आम्ही औषध म्हणतो. कोणाला वाटतं मशीनने चमकते. मशीन नुसती फिरते, फिरायला काय, पंखापण फिरतो. गाडी चमकते पॅडाने. पॅड म्हणजे भाकरीएवढी गोल फोमची गादी. तिच्या पाठीला चरचरीत चिकटपट्टी असते, लहान मुलांच्या बुटाला असते तशी. ती मशीनच्या चकतीवर दाबून बसवायची, औषध लावायचं आणि गाडीवर फिरवायची. पहिल्या हाताला दाणेदार औषध, ते रंगाचा वरचा पापुद्रा घासून ओरखडे काढतं. मधल्या हाताला त्याहून बारीक. शेवटच्या हाताला लोण्यासारखं मऊ, ते नुसती झळाळी आणतं. तीन हात, तीन औषधं, आणि प्रत्येक औषधाची पॅडं वेगळी. इथेच सगळं आहे. दाणेदार औषधाचं पॅड चुकून शेवटच्या हाताला लावलं, की आपण झळाळी आणतोय असं समजून गाडीवर गोल गोल ओरखडे पाडत जातो. सावलीत ते दिसत नाहीत. सावलीत गाडी नवरीसारखी दिसते. उन्हात तिरपी उभी केली की सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं.

आणि पॅड मळलं तरी तेच. औषध वाळलं की परातीला चिकटलेल्या कणकेसारखं कडक होतं. म्हणून एक दरवाजा झाला की पॅड थांबवून ब्रशने झाडायचं, आणि दिवस संपला की धुवायचं, उद्यावर टाकायचं नाही. पिळायचं नाही, दाबायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत दाबायचं, मग पाच पाण्यांत होवो की नऊ. कपड्याची पावडर वापरायची नाही, तिचा दाणा विरघळला नाही तर फोममध्ये बसून राहतो आणि पुढच्या गाडीला चावतो. सावलीत वाळवायचं, फोम खाली आणि चिकटपट्टी वर, म्हणजे पाणी चिकटपट्टीच्या डिंकात उतरत नाही. वाळलं की झाकणाच्या डब्यात. इंदूने यासाठी तिचा माहेरून आणलेला पिठाचा मोठा डबा दिला. तेव्हापासून आमच्या घरात पीठ प्लास्टिकच्या पिशवीत आणि पॅडं स्टीलच्या डब्यात. पाहुणे आले की मला लाज वाटायची, तिला नाही.

आता हे सगळं मी असं सांगतोय जसं काही मलाच आधीपासून माहीत होतं. तसं नाही. पहिली काही वर्षं पॅडं मीच धुवायचो, आणि कशी धुवायचो ते ऐका. पावडरच्या पाण्यात टाकायचं, पायाने तुडवायचं, पिळायचं आणि पत्र्यावर फेकायचं. मे महिन्यात आमच्याकडचा पत्रा म्हणजे तवा असतो. पॅड अर्ध्या तासात खडखडीत वाळायचं, मला वाटायचं काय डोकं चालवलं आपण.

एकदा असंच पत्र्यावरचं गरम पॅड मशीनला बसवलं आणि एका जीपच्या बॉनेटवर टेकवलं. उन्हाने मागचा डिंक सुटला होता. मशीन जोरात फिरताच चिकटपट्टी राहिली मशीनला आणि फोम सुटला. तो निघाला रस्ता ओलांडून. समोर पंढरीचा भज्यांचा गाडा होता. पिवळा फोम बरोबर त्याच्या बेसनाच्या घमेल्यात जाऊन पडला. पंढरी मोठा थंड माणूस. त्याने झाऱ्याने ते उचललं, निथळलं, माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, "नाना, हे तळू का?"

गाड्यावर बसलेली माणसं हसून हसून पडली. इंदू तेव्हा मला डबा द्यायला आली होती. तिने सगळं बघितलं. ती हसली नाही, हे वाईट लक्षण होतं. तिने रस्ता ओलांडला, पंढरीकडून ते बेसन लागलेलं पॅड घेतलं, हातात उलटसुलट केलं, दाबलं, वास घेतला.

"हे तुम्ही धुतात?"

"मग कोण?"

"आजपासून नही."

एवढंच. त्या दिवसापासून पॅडं तिच्याकडे गेली. मी आत्ता तुम्हाला धुण्याच्या ज्या पद्धती शिकवल्या त्या सगळ्या तिने शोधल्या, कोणाला न विचारता, चुका करून करून. लोकरीचं पॅडही असायचं तेव्हा, जुनी गाडी घासायला. त्याच्या गाठी सोडवायला मी स्क्रू पिळायचा पेचकस लावायचो. ती उवांची बारीक फणी घेऊन बसली आणि पोरीचे केस विंचरावेत तसं ते पॅड विंचरलं. वेणी घालायची तेवढी बाकी ठेवली.

दुसरा किस्सा कुंकवाचा. हा फक्त आपल्याकडेच होऊ शकतो. दसऱ्याला एका गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी जावयाच्या गाडीची पूजा केली. नुसतं कुंकू वाऱ्याने उडतं म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि बॉनेटवर तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. ते वाळून असं बसलं की धुऊन निघेना. जावई गाडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, नाना, काढा, पण सासूबाईंना सांगू नका. मी पॅड फिरवलं, स्वस्तिक गेलं. तेच पॅड तसंच मी दुसऱ्या गाडीला लावलं. ती पांढरीशुभ्र होती, एका सरकारी साहेबांची. साहेब दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन परत आले.

"नाना, गाडी लाजल्यासारखी का दिसते?"

मी बघितलं तर बॉनेटवर फिकट गुलाबी छटा. छान दिसत होती खरं तर. पण साहेबांची गाडी लाजून चालत नाही.

मी म्हटलं, "साहेब, हे नवीन औषध आहे. मोत्यासारखी छटा देतं. मुंबईला सध्या हेच चालतं."

साहेब विचारात पडले. त्यांना जवळजवळ पटलं होतं. तेवढ्यात आतून इंदू आली, ओल्या हातांनी, हातात गुलाबी पाण्याचं तपेलं. तेच पॅड ती आदल्या संध्याकाळपासून धूत होती.

"काही नवीन औषध नही, साहेब. दुसऱ्याच्या सासूचं कुंकू शे. बसा, पंधरा मिनिटांत काढी देतस."

साहेब बसले. मी त्या पंधरा मिनिटांत बॉनेटवरून मान वर केली नाही. साहेब मात्र पुढे वीस वर्षं आमचे गिऱ्हाईक राहिले, आणि आले की पहिलं विचारायचे, "वहिनी आहेत ना? मग ठीक आहे."

त्या प्रकरणानंतर तिने दोऱ्याची पद्धत काढली. पॅडांचे कारखान्याचे रंग धुऊन धुऊन सारखेच फिके होतात, मग कोणतं कशाचं ते कळत नाही. म्हणून तिने प्रत्येक पॅडाच्या कडेला सुईने दोरा घातला, दोन-तीन टाके. पांढरा, काळा, लाल, हिरवा, जांभळा, असे काही काही. काम करताना मी डोळे गाडीवरून हलवायचे नाहीत, नुसता डावा हात मागे करायचा. ती त्या हातावर पॅड ठेवायची. कोणतं पॅड हे मी विचारायचो नाही आणि ती सांगायची नाही. ती बरोबर तेच ठेवायची. गिऱ्हाइकं बघत राहायची. नाना, काय हात आहे तुमचा, म्हणायची. मी म्हणायचो, हात नाही, अनुभव. मागे इंदू खोकायची. खोकला नव्हता तिला.

सांगायचं एवढंच की ते कौतुक मी पस्तीस वर्षं एकट्याने घेतलं. तिने कधी मागितलं नाही म्हणून मी दिलं नाही. आता लिहितोय तर लिहून टाकतो.

तेराव्याला प्रल्हादभाऊ आले होते. म्हणाले, नाना, गाडीची घाई नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा. महिना झाला तेव्हा मीच फोन करून म्हटलं, आणा. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा ते बरं. मुलगा नाशिकला असतो, त्याने फोनवर सांगितलं, बाबा, जुनी पॅडं टाका, नवीन मागवून देतो. त्याचं बरोबर होतं. पण तिने त्या रविवारी धुतलेली पॅडं फेकायची आणि नवी आणायची, हे माझ्याने झालं नाही.

त्यात मी एक शहाणपणा केला. डब्यातली पॅडं तिने धुऊन, वाळवून ठेवलेली होती. मला वाटलं महिना झाला, परत एकदा धुवावीत. खरं म्हणजे मला धुवायचंच होतं. रिठे कुठे ठेवलेत ते सापडेना, म्हणून पावडर टाकली. हो, पावडर. आता हसा.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी काळी गाडी घरच्या अंगणात आली. मी अकरा पॅडं टेबलावर मांडली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. पांढरा दोरा, काळा, लाल, हिरवा, जांभळा. एका पॅडाला एक, दुसऱ्याला दुसरा. आणि मला कळलं की कोणता दोरा कोणत्या पॅडला, हे मला माहीतच नाही. पस्तीस वर्षं मी नुसता हात मागे केला होता.

कोणाला विचारणार? आणि विचारू कसं? जळगावात निम्म्या पॉलिशवाल्यांना मी शिकवलंय, त्यांना फोन करून म्हणू, की बाबांनो, माझी पॅडं कोणती कशाची ते मला कळत नाही? मग मी डोकं चालवलं. लाल म्हणजे तिखट, म्हणजे दाणेदार औषध. पांढरा म्हणजे स्वच्छ, म्हणजे शेवटचा हात. बाकीचे मधले. किती सोपं. मनात म्हटलं, बघ इंदू, जमलं की नाही.

दोन दिवस काम केलं. पंखा लावून, सावलीत. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा हात मारला, पांढऱ्या दोऱ्याच्या पॅडाने. गाडी अशी दिसत होती की तिच्यात दाढी करावी. प्रल्हादभाऊ संध्याकाळी न्यायला आले, खूश झाले, माझा हात हातात घेतला. म्हणाले, "नाना, वहिनींनी सांगितलं होतं तशीच केली." मी मान डोलावली. गाडी फाटकातून वळली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ते बॉनेटवर तिरपं पडलं.

जाळं. सगळ्या बॉनेटभर. बारीक, गोल गोल, सूर्याभोवती.

मी हाक मारली नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मला हाक मारता आली असती. गाडी अजून दहा पावलांवर होती. मी उभा राहिलो आणि हात हलवून निरोप दिला. प्रल्हादभाऊंना ते दिसलं नव्हतं, त्यांना कधी दिसलंही नसतं. मी स्वतःला म्हटलं, झालं, कोणाला कळतंय. पाच मिनिटं हे पटलं.

मग घरात जाऊन चोपड्याला शोभाला फोन लावला. शोभा इंदूची धाकटी बहीण, शिवणकाम करते.

"शोभा, इंदू पॅडांना दोरे घालायची ते तुला माहीत आहे का?"

"माहीत म्हणजे? दोरे माझ्याकडूनच न्यायची. काय झालं, दाजी?"

"पांढरा कशाचा?"

"काय पांढरा?"

"पांढरा दोरा. कोणत्या पॅडाचा? लाल कोणता, काळा कोणता?"

तिकडे चाललेलं शिवणयंत्र थांबलं. मग म्हणाली, "दाजी, तुम्ही रंग बघत होते?"

"मग काय बघायचं?"

"अहो, रंग काय, माझ्याकडे उरलेला असेल तो ती न्यायची. दोरा बोटात धरायचा. जाड म्हणजे गोधडीचा दोरा, तो दाणेदार औषधाला. मधला म्हणजे शर्टाच्या बटणाचा. आणि एकदम बारीक ब्लाऊजचा, तो शेवटच्या हाताला. तिचे हात औषधाने भरलेले, डोळे तुमच्याकडे, ती बोटानेच ओळखायची."

मी पॅड हातात घेऊन बसलो होतो. पांढरा दोरा चिमटीत धरला. गोधडीचा होता. सुतळीच म्हणा ना.

"हे तिने मला कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नको."

हे मी म्हटल्याचं मला आठवत नाही. पण मी असंच म्हटलं असणार, त्यात शंका नाही.

"आणि गालाला लावायची, ते तरी माहीत शे का?" शोभाने विचारलं.

"काय गालाला लावायची?"

"वाळलेलं पॅड. गालावरून फिरवायची. एखादा कण अडकलेला असला तर बोटाला कळत नाही, बोटं राकट होतात. गालाला कळतं. तुमच्या पाठीमागे करायची. म्हणायची, यांनी बघितलं तर चार महिने चिडवतील."

"चार महिने कशाला? वर्षभर चिडवलं असतं."

शोभा हसली. मीपण हसलो. मग तिने फोन ठेवला.

मी एक पॅड उचलून गालाला लावलं. काही कळेना. दहाव्याला न्हाव्याने दाढी केली होती, त्यानंतर मी वस्तऱ्याला हात लावला नव्हता. दाढीत फोम असा अडकत होता जसं धोतराला गोखरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी दाढी केली. एकदा सरळ, एकदा उलटी, इतकी गुळगुळीत की लग्नातही केली नव्हती. नंतर ओसरीवर बसून सगळी पॅडं काढली. आधी डोळे मिटून दोरे चाचपले. गोधडीची चार, बटणाची चार, ब्लाऊजची तीन. मग ती तीन बारीक दोऱ्याची एकेक करून गालावर फिरवली. दोन रेशमासारखी. तिसऱ्यात काहीतरी टोचलं. नखाने उकरलं तर पावडरचा दाणा. माझाच. ते पॅड बाजूला ठेवलं.

शेजारच्या कमलअक्का कुंपणावरून हे सगळं बघत होत्या. नवरा गेलेल्या बायका दुसऱ्याच्या दाढीकडे बारीक लक्ष ठेवतात.

"नाना, आज एकदम गुळगुळीत? कुठे पाहुणी बघायला निघालात की काय?"

"हो, अक्का. सावद्याची शे. रंगाने काळी, पण चमक काय विचारू नका."

कमलअक्का आत निघून गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं असेल. होऊ द्या.

मशीन गोणीत घातली, पॅडं डब्यात, डबा पिशवीत, आणि सावद्याची एस्टी पकडली. पोहोचलो तेव्हा प्रल्हादभाऊ बनियनवर ओट्यावर उभे राहून दात घासत होते. मला बघून तसेच थांबले, तोंडात फेस.

"नाना? काय झालं? बसा, बसा. सगळं ठीक?"

"ठीक नाही. गाडी उन्हात काढा."

त्यांनी चूळ भरली, काही न विचारता गाडी बाहेर काढली. मी त्यांना हाताला धरून बॉनेटच्या बाजूला आणलं, वाकवलं, मान तिरपी करायला लावली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं.

"मला तर आरसा दिसतोय, नाना."

"जाळं आहे. सगळीकडे."

"असेल. पण कोणाला दिसतं? माझ्या बापाला दिसणार नाही."

"शब्द तुमच्या बापाने नव्हता दिला, प्रल्हादभाऊ."

 प्रल्हादभाऊ आत गेले आणि वायरचा लांब बोर्ड घेऊन आले, स्वतःच प्लग लावला, आणि मुलाला हाक मारून गाडीवर मांडवासारखी ताडपत्री बांधायला सांगितली. त्यांची बायको चहा घेऊन आली, सुना दारात आल्या, त्यांच्या मागे नातवंडं. मी डब्यातून पॅड काढलं. डोळे मिटून दोरा बोटाने चाचपला, बटणाचा होता; जाळं आधी मधल्या हाताने काढायचं, झळाळी नंतर. पॅड गालाला लावलं आणि हळूहळू गोल फिरवलं.

"नाना," प्रल्हादभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "हे काय करी राहिले?"

"काम."

दारातल्या सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पॅड दुसऱ्या गालावरही फिरवलं, मशीनला बसवलं, आणि बटण दाबलं.